निळी वाळू गळू लागली तेव्हा : निहोंगा चित्रातल्या सरसाचा एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण क्योतोतल्या एका चित्रकर्तीच्या दोन फलकांच्या कामाचं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. साहित्य, प्रमाणं आणि कामाचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, कारण या प्रकरणातलं शिकण्यासारखं सगळं त्यातच आहे.

पार्श्वभूमी

चित्रकर्ती चाळिशीतली. तिचं निहोंगाचं रीतसर शिक्षण झालेलं आणि पंधराएक वर्षं स्वतंत्र काम. ‘निहोंगा’ म्हणजे शब्दशः जपानी चित्र. मेइजी काळात, १८८० च्या दशकात, पाश्चात्त्य तैलचित्रांपासून वेगळं ओळखू यावं म्हणून हा शब्द रूढ झाला. साहित्य त्याहून कितीतरी जुनं आहे : दगड कुटून केलेले रंग, शिंपल्याची पांढरी पूड, कागद किंवा रेशीम, आणि हे सगळं धरून ठेवणारा जनावराच्या कातड्याचा सरस. या सरसाला जपानीत निकावा म्हणतात.

तिला एका खासगी इमारतीच्या प्रवेशदालनासाठी दोन फलक करायचे होते. विषय रात्रीचं बंदरातलं पाणी. प्रत्येक फलक १६२ × १३०.३ सेंमी, म्हणजे जपानी दुकानांत मिळणारं शंभर नंबरचं माप. कागद कुमोहादा माशी. अंबाडीसारख्या वाखाचे आणि कोझो झाडाच्या सालीचे तंतू एकत्र करून एचिझेन भागात हा जाड कागद हाताने करतात. तो ओला करून लाकडी चौकटीवर ताणला, कडा चिकटवल्या, आणि वाळल्यावर ढोलाच्या कातड्यासारखा तट्ट झाला. त्यावर दोसा दिला. दोसा म्हणजे सरस आणि तुरटीचं पातळ पाणी. तो दिला नाही तर कागद टीपकागदासारखा रंग पिऊन टाकतो. तिचं प्रमाण नेहमीचं होतं : पाणी १००० मिली, सरस २० ग्रॅम, तुरटी ५ ग्रॅम. पुढून दोन हात, मागून एक, प्रत्येक हातानंतर पूर्ण वाळवण. इथपर्यंत कुठेही चूक नव्हती. पुढे शंका आली तेव्हा कागदाच्या मोकळ्या कडेवर पाण्याचा थेंब ठेवून पाहिला, तो मोत्यासारखा उभा राहिला.

रंग मुख्यतः गुनज्यो, म्हणजे अ‍ॅझुराइट या तांब्याच्या खनिजाची पूड. ती क्रमांकाने मिळते. ५ क्रमांक वाळूसारखा भरड आणि गडद निळा, १३ क्रमांक पिठासारखा बारीक आणि फिका, त्याहून बारीक ते ‘ब्याकु’, म्हणजे पांढुरकं. दगड एकच असतो, कण बारीक होत गेले की प्रकाश जास्त विखुरतो आणि रंग फिका दिसतो. पाण्याच्या खोलीसाठी तिने हीच पूड तव्यावर भाजून काळपट केली होती. याला याकी-गुनज्यो म्हणतात. आच लागली की निळा आधी मळतो, मग काळ्याकडे झुकतो. हवी ती छटा आली की लगेच खाली उतरवायचं, कारण तापलेली पूड विस्तवावरून काढल्यावरही थोडी पुढे सरकते.

डावा फलक मे ते जुलैमध्ये झाला, उजवा जुलै ते सप्टेंबरमध्ये. काम दमट हवेत चाललं होतं आणि चित्र राहणार होतं हिवाळ्यात हीटर चालणाऱ्या कोरड्या दालनात. हा फरक पुढे महागात पडला.

अडचण

नोव्हेंबरच्या मध्यात स्टुडिओत पहिल्यांदा हीटर लागला. तीन दिवसांनी उजव्या फलकाखालच्या जमिनीवर निळी रेघ दिसली. बोटाला लागली ती वाळूच होती, ७ क्रमांकाचा गुनज्यो. चित्र पोचवायला एकोणीस दिवस उरले होते.

फलक आडवा केला, खोली अंधारी केली आणि एका बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून, बॅटरीचा उजेड टाकला. समोरून न दिसणारं सगळं या तिरप्या उजेडात उठून येतं. नुकसान दोन तऱ्हेचं होतं. वरच्या दोन-तृतीयांश भागात, जिथे धुक्याचा पांढुरका थर होता, तिथे नखाएवढे पोपडे उठले होते. त्यांच्या कडा वाटीसारख्या वर वळलेल्या, मध्यभाग अजून चिकटलेला. खालच्या सुमारे ४२ सेंमीच्या पट्ट्यात पोपडा एकही नव्हता. तिथे नुसती भुकटी होती. कोरडा मऊ कुंचला फिरवला की कण सुटत होते.

या दोन तऱ्हा वेगळ्या ओळखणं हा या प्रकरणातला पहिला खरा निर्णय. दोन्हींना ‘रंग गळतोय’ असंच म्हणतात, पण पोपडा म्हणजे वरचा थर ओढतोय आणि भुकटी म्हणजे कणाला धरणारं काही उरलेलंच नाही. एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून फलकावर पारदर्शक प्लास्टिक ताणून लाल पेन्सिलीने पोपडे आणि निळीने भुकटीचा भाग उतरवला. या नकाशाला अख्खा दिवस गेला. एकोणीसांतला एक दिवस घालवणं तिला जिवावर आलं होतं, पण पुढचं सगळं काम त्या नकाशावरच चाललं.

कारण शोधताना

डाव्या फलकावर एक कणही सुटला नव्हता. कागद तोच, रंग त्याच दुकानाचे, हात तोच. फरक सरसात होता.

डावा फलक तिच्याकडे शिल्लक असलेल्या सानझेनबोन सरसात झाला होता. हा कांडीच्या रूपातला जुन्या पद्धतीचा सरस. त्याचं पारंपरिक उत्पादन २०१० च्या सुमारास थांबलं, आणि अनेक चित्रकारांनी तेव्हा जमेल तेवढा साठा करून ठेवला. तो संपल्यावर तिने उजव्या फलकासाठी दाणेदार सरस घेतला. प्रमाण मात्र जुनंच ठेवलं : १०० मिली पाण्याला १० ग्रॅम. वजन तेच म्हणजे ताकद तीच, असं सरसाच्या बाबतीत नसतं. काही सरस थंड झाल्यावर घट्ट थिजतात पण पकड बेताची असते, काही पातळ राहतात आणि चिकटतात घट्ट. नवीन सरस आला की त्याच रंगाचे, त्याच कागदावरचे नमुने करून पाहावेच लागतात. ते झालं नाही.

दुसरं कारण जास्त गंभीर होतं. सरस रात्रभर थंड पाण्यात भिजवायचा, तो फुगला की भांडं गरम पाण्यात ठेवून ६० ते ७० अंशांवर विरघळवायचा आणि कापडातून गाळायचा. उकळू द्यायचा नाही. उकळला की सरसाचे लांब रेणू तुटतात, आणि तुटलेले पुन्हा जुळत नाहीत. फलक मोठा म्हणून तिने ऑगस्टमध्ये एकदम अर्धा लिटर सरस केला, दिवसभर विजेच्या शेगडीवर कोमट ठेवला, रात्री फ्रिजमध्ये, सकाळी पुन्हा गरम. असं चार दिवस. तिच्या वहीत एक नोंद सापडली : तिसऱ्या दिवशी भांड्याच्या कडेने बुडबुडे आले होते. चौथ्या दिवशीची नोंद ‘किंचित वास’ एवढीच. हाच सरस खालच्या सगळ्या भरड थरांत गेला.

खालचा पट्टा सर्वांत वाईट का झाला, याचं उत्तर बशीत होतं. दगडी रंग पाण्यात विरघळत नाही. पांढऱ्या बशीत पूड घेऊन तीवर सरस थोडा थोडा सोडायचा, मधल्या बोटाने मळत राहायचं. आधी पूड सरस झिडकारते, बोटाखाली कोरडी खरखर लागते. मग एका क्षणी खरखर मऊ होते आणि रंग एकदम गडद दिसतो. प्रत्येक कणाला सरसाचं पांघरूण मिळालं की मगच पाणी. पण कण जड, बशीच्या तळाशी बसतात. दर वेळी कुंचला तळापासून ढवळून भरला नाही तर आधी वरचं सरसाचं पाणी निघून जातं आणि शेवटी तळाला उरते ती उपाशी पूड. तिने फलक आडवा ठेवून, वर फळीचा पूल टाकून, चित्राच्या वरच्या कडेपासून खाली काम केलं होतं. खालच्या पट्ट्याला पोचेपर्यंत बशीत साका उरायचा आणि त्यात ती नुसतं पाणी घालत होती. नऊ थर, नऊही वेळा तेच.

आणि तिसरं. सप्टेंबरमध्ये, चित्र संपत आलं असताना, तिला जाणवलं होतं की वरच्या भागात हात फिरवला की तळव्याला निळं लागतंय. तेव्हा तिने केलं ते कुणालाही सुचेल असंच होतं : शेवटच्या धुक्याच्या थरात सरस वाढवला, म्हणजे खालचं सगळं धरून राहील. धुकं गोफुनचं होतं. गोफुन म्हणजे शिंपल्याची पूड. ती सरसात मळून कानाच्या पाळीइतका मऊ गोळा करायचा, बशीवर शंभरदा आपटायचा, चपटा करून त्यावर गरम पाणी ओतून निथळायचं, मग बोटाने पाण्यात उतरवायचा. हा थर बारीक, एकसंध आणि वाळताना आकसणारा. ताजा, घट्ट सरस घातलेला हा थर खालच्या अशक्त वाळूवर पसरला. ओल्या हवेत तो शांत होता. हीटर लागला, हवेतला ओलावा ३५ टक्क्यांवर आला, थर आकसला आणि पकड नसलेल्या वाळूला घेऊन वर वळला.

निहोंगात खालचे थर सरसाने भक्कम आणि वरचे क्रमाने हलके असावे लागतात. हे तिला शिकवलेलं होतं आणि तिला ते पाठही होतं. चूक अज्ञानाची नव्हती. रंग हाताला लागतो आहे हे दिसल्यावर थांबून खालची तपासणी करायला हवी होती, त्याऐवजी वरून बंदोबस्त केला गेला. आमच्या मते सगळ्या प्रकरणाचं मूळ ऑगस्टमधल्या उकळीपेक्षाही सप्टेंबरच्या या एका दुपारी आहे. उकळलेल्या सरसाने झालेलं नुकसान तेव्हाही भरून काढता आलं असतं. धुकं आलं नसतं तर वरच्या दोन-तृतीयांश भागातही भुकटीच झाली असती, आणि भुकटी बांधणं सोपं.

पर्याय

तिने तिच्या ओळखीच्या एका ज्येष्ठ चित्रसंवर्धकाला बोलावलं. पहिलं वाक्य तिचंच होतं.

“सेन्सेई, वरून दोसाचा एक पातळ हात मारला तर बसेल का?”

“बसेल. मार्चपर्यंत,” ते म्हणाले. “कशामुळे वळलंय ते तुम्हाला माहीत आहे. तेच पुन्हा वर घालणार का?”

दोसा फवारणं हा खरोखर सर्वांत जवळचा रस्ता होता. चित्र चालू असताना मध्ये रंग पक्का करायला अनेक जण तो वापरतातही. एका दिवसात काम झालं असतं. पण आकसणाऱ्या थरावर आणखी आकसणारा थर बसला असता. शिवाय भरड कणांमधली हवेची जागा भरली की दगडाची चमक विझते, निळा ओला आणि मंद दिसतो. तुरटी जास्त झाली तर पुढे स्फटिक फुलतात आणि कागद कडक होतो.

दुसरा पर्याय अ‍ॅक्रिलिकचा स्थिरक. तो धरतो, यात शंका नाही. पण त्यावर पुन्हा सरस नीट मुरत नाही, आणि काढायचा म्हटलं तर त्याच्याबरोबर रंगही येतो. यावर संवर्धकांनी अजिंठ्याचं उदाहरण दिलं. ते मराठी वाचकाला जवळचं आहे म्हणून इथे सांगतो. अजिंठ्याची चित्रंही कोरड्या गिलाव्यावर चिकट माध्यमात कालवलेल्या रंगांची. १९२० ते १९२२ या काळात हैदराबाद संस्थानाने चेकोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी सुटणारा रंग धरायला लाखेचा लेप दिला. लाख पुढे पिवळी पडली, आकसली, आणि ती उतरवण्यात पुढच्या पिढ्यांची वर्षं गेली. जपानी चित्रकारांना अजिंठा परका नाही. अराइ काम्पो हा निहोंगा चित्रकार १९१७-१८ च्या सुमारास तिथे राहून भित्तिचित्रांच्या नकला करत होता. त्या नकला १९२३ च्या कान्तो भूकंपानंतरच्या आगीत गेल्या.

तिसरा पर्याय अख्खा उजवा फलक कोमट पाण्याने धुऊन नव्याने रंगवण्याचा. निहोंगात धुणं ही मान्य पद्धत आहे, सरस कोमट पाण्याने सुटतो आणि चांगला दोसा दिलेला कागद ते सोसतो. पण भरड थर रोज एकच देता येतो. नऊ थर, धुकं आणि वाळवण धरून पाच आठवडे तरी लागले असते.

चौथा : जिथे जे नुकसान तिथे त्याचा इलाज, हाताने, चौकोनाचौकोनाने. अंदाज ऐंशी ते नव्वद तासांचा.

पाचवा कामाचा नव्हे, व्यवहाराचा : डावा फलक ठरल्या दिवशी द्यायचा आणि उजव्याला मुदत मागायची. हे बोलायला ती तयार नव्हती. दोन फलक मिळून एक चित्र, अर्धं कसं लावणार, हा तिचा मुद्दा रास्तच होता. शेवटी तिने फलकाखाली पांढरा कागद ठेवला, चोवीस तासांनी त्यावर पडलेली निळी वाळू तशीच घडी घालून नेली आणि ग्राहकासमोर उघडली. त्या कागदाने जे काम केलं ते स्पष्टीकरणाने झालं नसतं. फेब्रुवारीची मुदत मिळाली. कारण, उपाय आणि नवी तारीख एका पानावर लिहून दोघांनी सह्या केल्या.

निर्णय आणि काम

ठरलं ते असं : वरचे पोपडे जागच्या जागी बसवायचे, पोपड्यांच्या मधली विखुरलेली भुकटी बांधायची, आणि खालचा पट्टा धुऊन नव्याने रंगवायचा. त्या पट्ट्यात बांधण्यासारखं काही उरलं नव्हतं. इतका सरस पाजावा लागला असता की निळा काळवंडला असता.

सर्वांत आधी हीटर बंद झाला आणि ह्युमिडिफायर लावून खोली ५५ ते ६० टक्क्यांवर ठेवली. दोन दिवसांत पोपड्यांच्या कडा आपोआप थोड्या खाली आल्या. कोरडा पोपडा दाबला की काचेसारखा मोडतो, म्हणून हे दोन दिवस वाट पाहणं हेही कामच होतं.

पोपड्यांसाठी ताजा सरस, ३ टक्के, कोमट. मेनसो या रेषेच्या बारीक कुंचल्याने पोपड्याच्या कडेला एक थेंब टेकवायचा. तो आपणहून आत ओढला जातो. दीड-दोन मिनिटं थांबायचं, पोपडा कातड्यासारखा लवचिक होतो. मग वर सिलिकॉन लावलेल्या पातळ फिल्मचा तुकडा ठेवून बोटाच्या गादीने मध्यापासून कडेकडे दाबायचं, टीपकागद ठेवायचा आणि वर वाळूची छोटी पिशवी, वीस मिनिटं. घाई केली तर सरस बाहेर येतो आणि वाळल्यावर चकचकीत कडं दिसतं. ते आलंच तर ओलसर कापसाच्या काडीने लगेच टिपायचं, पुसायचं नाही. अशा पोपड्यांची संख्या नकाशावर २१४ होती. दिवसाला पंचवीसच्या वर गेलं की हात थरथरतो, म्हणून तिथेच थांबायचं ठरलं.

भुकटीच्या भागात पहिला प्रयत्न फसला. १ टक्का सरस कुंचल्याने वरून सोडला, तो कोरड्या वाळूवर मण्यांसारखा उभा राहिला, घरंगळला आणि जिथे थांबला तिथे गोल डाग उमटला, तीन सेंमीचा. तो डाग आजही तिरप्या उजेडात दिसतो. कारण साधं आहे : पाण्याला ताण असतो, कणांच्या फटीत ते शिरायला कचरतं. पुढे प्रत्येक जागा आधी निम्मं इथेनॉल आणि निम्मं पाणी अशा मिश्रणाने भिजवली, खिडक्या उघड्या ठेवून आणि आसपास विस्तव नाही हे पाहून. ती ओली असतानाच बांधणी दिली. बांधणीत सरसाच्या जोडीला फुनोरी होती. हे समुद्री शेवाळ चिकट असूनही वाळल्यावर चमकत नाही. १ ग्रॅम फुनोरी १०० मिली पाण्यात रात्रभर भिजवून, कोमट करून, कापडातून गाळून घ्यायची आणि तेवढाच २ टक्क्यांचा सरस त्यात मिसळायचा. म्हणजे शेवटच्या द्रावणात फुनोरी अर्धा टक्का, सरस एक टक्का.

कुंचला थेट कणांवर टेकवला तर तो कण उचलतो. म्हणून मध्ये तेंगुजो. कोची प्रांतातला हा कागद इतका पातळ की त्याखालचा रंग नंबरासकट ओळखता येतो. १० × १० सेंमीचा तुकडा ठेवायचा, त्यावरून मऊ कुंचल्याने द्रावण द्यायचं, आणि कागद अर्धवट ओला असतानाच जमिनीशी समांतर ओढत काढायचा. वर उचलला तर पापुद्रा येतो. शेजारचा चौकोन लगेच घ्यायचा नाही. बुद्धिबळाच्या पटावर काळी घरं आधी आणि पांढरी दुसऱ्या दिवशी, असा क्रम ठेवला, त्यामुळे दोन ओल्या कडा भिडून डागाची रेघ उठली नाही. सगळ्या भागाला दोन फेऱ्या झाल्या. दुसरीनंतर कोरड्या कुंचल्याच्या वीस फटकाऱ्यांत काळ्या कागदावर चार-पाच कण पडले, आधी मोजण्यापलीकडे पडत होते.

खालचा पट्टा धुताना काप सरळ रेषेत घेतला नाही. पाण्यावरच्या लाटांच्या कडांनी वळत वळत सीमा ठरवली, म्हणजे जोड लाटेत लपेल. ४० अंशांचं पाणी रुंद हाके कुंचल्याने दिलं, चार मिनिटं मुरू दिलं आणि मऊ स्पंजने खालच्या दिशेला ओढलं. फलक किंचित कलता ठेवला होता, सगळा निळा गाळ ताटात उतरला. कागद पूर्ण वाळल्यावर तेवढ्याच भागाला नवा दोसा दिला. तुरटी वेगळ्या कोमट पाण्यात विरघळवून, सरस निवत आल्यावर घातली. कढत सरसात तुरटी टाकली की गुठळ्या होतात.

रंगवायला सुरुवात करण्याआधी नमुने केले. तीन सरस : ताजा, दोनदा गरम केलेला, आणि मुद्दाम उकळलेला. तिन्हीत ७ क्रमांकाचा गुनज्यो, त्याच कागदावर, तीन दिवस वाळवून. उकळलेल्याचा कण कुंचला लागताच सुटला. दोनदा गरम केलेला मात्र जवळजवळ ताज्याइतकाच टिकला, म्हणजे फ्रिजमधून काढून एकदा पुन्हा वापरायला हरकत नव्हती. तरी तिने नियम कडकच ठेवला : रोज १०० मिलीच करायचा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उरलेला टाकायचा. खालच्या तीन थरांना १० टक्क्यांचा सरस, मधल्या चारांना थोडं जास्त पाणी, वरच्या दोनांना आणखी. बारीक पूड जास्त सरस पिते, कारण तिचा एकूण पृष्ठभाग मोठा. भरड पुडीला प्रमाण कमी लागतं, पण कण जड आणि मोजक्या बिंदूंवर टेकलेला, म्हणून सरस दाट लागतो. प्रत्येक बशी अर्ध्यावर आली की ती बाजूला आणि नवी बशी. उरलेल्या साक्यात नुसतं पाणी घालणं बंद.

निष्पत्ती

डावा फलक ठरल्या दिवशी गेला, उजवा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. एकूण कामाचे तास १३० च्या पुढे गेले, अंदाजापेक्षा बरेच जास्त. तफावत मुख्यतः वाळवणीच्या मध्ये अडकलेल्या वेळाची. दालनात लावताना असं दिसलं की ठरलेली भिंत गरम हवेच्या झडपेसमोर होती. ती बदलून समोरची घेतली, आणि फलकामागे ओलावा नोंदणारं छोटं यंत्र ठेवलं.

पुढच्या जानेवारीत तपासणी झाली. पोपडे सगळे बसलेले. जोडाच्या एका वळणावर, तळहाताएवढ्या जागेत, थोडे कण सुटले होते. तिथे जुना आणि नवा थर एकमेकांवर चढले होते, म्हणजे पुन्हा भक्कम थर अशक्त थरावर. ती जागा फुनोरीने पुन्हा बांधली. समोरून पाहणाऱ्याला दोन फलकांच्या निळ्यात फरक जाणवत नाही. संध्याकाळी खिडकीतून तिरपा उजेड येतो तेव्हा उजव्यावरचे दोन मंद पट्टे दिसतात, आणि तो तीन सेंमीचा गोल.

वेगळं काय करता आलं असतं

संवर्धक आणि चित्रकर्ती यांचं एका गोष्टीवर अजून एकमत नाही. त्यांचं म्हणणं, मुदत फेब्रुवारीपर्यंत मिळालीच होती तर अख्खा उजवा फलक धुवायला हवा होता, अशक्त थर चित्रात शिल्लक आहेत आणि दर हिवाळ्यात ते आठवण करून देतील. तिचं म्हणणं, वरच्या भागातलं पाणी पुन्हा तसं उतरलं नसतं. आमचा कल संवर्धकांकडे आहे, पण तांत्रिक बाजूपुरताच. ग्राहकाने चित्र पाहून काम दिलं होतं, आणि तो वरचा भाग हेच ते चित्र होतं.

बाकी गोष्टींवर वाद नाही. नव्या सरसाचे नमुने जुलैतच करायला हवे होते, आणि ते स्टुडिओच्या दमट हवेत न तपासता एक रात्र सिलिका जेलच्या बंद डब्यात ठेवून, हिवाळ्यासारखे कोरडे करून. हा डबा आता तिच्याकडे आहे. ‘किंचित वास’ ही नोंद झाल्यावर भांडं रिकामं व्हायला हवं होतं. वास येतो तेव्हा सडणं बरंच पुढे गेलेलं असतं. धुक्याचा थर देण्याआधी काळ्या कागदावर कुंचल्याची चाचणी पाच मिनिटांत झाली असती. त्या टप्प्यावर उघड्या वाळूला फुनोरीची एक फेरी दिली असती तर दोन दिवसांत काम आटोपलं असतं. आणि करारात दालनातल्या हवेबद्दल एक ओळ हवी होती : ओलावा किती राहतो, गरम हवा कुठून येते, चित्र त्यापासून किती दूर. आता ती ओळ असते, आणि पोचवण्याची तारीख चित्र हीटरच्या खोलीत तीन आठवडे राहिल्यानंतरची असते.

धुतलेल्या पट्ट्याचा गाळ तिने टाकला नाही. अस्सल गुनज्यो दुकानात अजूनही १५ ग्रॅमच्या ‘र्यो’ या जुन्या मापाने विकतात, यावरून त्याची किंमत लक्षात यावी. गाळावर गरम पाणी ओतून ढवळलं, वाळू बसू दिली, वरचं पिवळसर सरसाचं पाणी निथळलं. चौथ्या वेळी पाणी नितळ आलं. ताटात पसरून वाळवलेली ती पूड वेगवेगळ्या क्रमांकांची मिसळ आहे, त्यामुळे कुठल्याच नंबराच्या बाटलीत ती जात नाही. बाटलीवर तिने फक्त ‘उजवा, खाली’ असं लिहिलं आहे.